पाहण्याचे ऋण

आमच्या आजीने काशीस सीताफळ सोडले होते. काशीस जावे आणि आवडीची एखादी वस्तू सोडून यावे, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. पुष्कळ लोक त्यातून वाट काढीत आणि मुळात नावडते असलेले कारले किंवा दोडका विश्वेश्वराच्या पायी वाहून मोकळे होत. आजीने मात्र सीताफळ सोडले. ज्या नेरडीगोंड्याच्या माळामाळांवर आश्विन-कार्तिकात सीताफळांचा खच पडतो, तेथे राहून तिने पुढील तेवीस वर्षे ते फळ तोंडास लावले नाही. आम्ही मुले तिच्यासमोर बसून खात असू. ती बिया वेचून देई. लहानपणी आम्हांस हा हट्ट वाटे. आता साठी ओलांडल्यावर त्यामागील विचार थोडाफार उमगू लागला आहे. पवित्र स्थळ पाहिले म्हणजे डोळ्यांस काही मिळाले. जे मिळाले त्याची फेड म्हणून काही द्यावयास हवे, अशी ती समजूत होती. पाहणे फुकट नसते, असे त्या पिढीचे मत होते.

सेवानिवृत्तीनंतर, २०२४ च्या फेब्रुवारीत, आम्ही उभयता, मुलगा व सूनबाई असे अंदमानास जाऊन आलो. त्या प्रवासातील स्थळांची जंत्री येथे द्यावयाची नाही. ती आता घरोघरी ठाऊक आहे. या प्रवासाने जो प्रश्न आमच्यापुढे टाकला तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. जेथे दुसऱ्यांनी यातना भोगल्या, किंवा जेथून दुसऱ्यांना हुसकावले गेले, अशा भूमीवर आपण सहलीस जातो, तेव्हा तेथे पाहण्याचा आपला अधिकार कोणता? आणि पाहून झाल्यावर आपल्याकडे काही देणे लागते काय?

निघण्यापूर्वीच घरात मतभेद झाला. चिरंजीवांच्या यादीत हॅवलॉक बेटावरील समुद्रतळाची बुडी सर्वांत वर होती. आमच्या यादीत सेल्युलर जेल होते. आम्ही जरा कठोरपणे म्हणालो, "ज्या पाण्याला आपले लोक काळे पाणी म्हणत, त्यात मौजेसाठी डुंबायचे?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी तिथं काय करणार? फोटोच काढणार ना?" उत्तर सुचले नाही म्हणून आम्ही रागावलो, हे कबूल करावयास हवे.

पोर्ट ब्लेअर हे आम्ही गेलो तेव्हाचे नाव. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याचे श्रीविजयपुरम् झाले. तेथील कारागृह १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत उभारले गेले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात इमारती होत्या; आज तीनच उरल्या आहेत. एका इमारतीचे तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे, अशी त्यांची रचना. अर्थात, कोणत्याही कैद्यास दुसऱ्या कैद्याचे तोंड दिसू नये, हा तिचा हेतू. बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सावरकर बंधू याच एका तुरुंगात होते. पण एकमेकांस पाहण्यासाठी त्यांना दीर्घकाळ तिष्ठावे लागले. १९११ साली तात्याराव तेथे पोहोचले आणि १९२१ मध्ये दोघे बंधू भारतात परत आणले गेले. कोलूला जुंपलेल्या कैद्याने दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढले पाहिजे, असा दंडक होता. 'माझी जन्मठेप' ज्या घरांत वाचली गेली त्या घरांतील माणसास हे सर्व नवे नाही. तरीही त्या कोठडीत उभे राहून उंचावरील झरोक्याकडे पाहताना आमचा कंठ दाटून आला. फाशीघरात एक कुटुंब दोराशेजारी उभे राहून हसऱ्या मुद्रेने छायाचित्र काढवून घेत होते. त्यांचा आम्हांस संताप आला आणि त्याच क्षणी मुलाचा प्रश्न आठवला, कारण आमच्याही हातात कॅमेराच होता.

आपल्या भागातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. हे दगडी कारागृह बांधले जाण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातील एक कैदी येथे आणला गेला होता. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी लोकांना घेऊन हल्ला केला. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला. मौलवी अलाउद्दीन १८५९ साली अंदमानास पाठवले गेले व तेथेच मृत्यू पावले. त्या काळी भिंती नव्हत्या. बेट हाच तुरुंग होता आणि समुद्र हीच भिंत.

"मग भिंती नव्हत्या तेव्हा बेटावर कोण राहत होते?" हा प्रश्न सूनबाईंनी विचारला. आम्ही कारागृहाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. जन्मभर महसूल खात्यात 'पूर्वीचा कब्जेदार कोण' हा प्रश्न विचारण्यात गेलेल्या आम्हांस तो सुचला नव्हता.

उत्तर इतिहासात आहे, आणि ते सुखद नाही. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, सुमारे दोनशे कैद्यांची पहिली तुकडी येथे उतरवली गेली. त्यांना प्रथम काम मिळाले ते जंगल तोडण्याचे. ते जंगल कोणाचेच नाही असे धरून कुऱ्हाडी चालू लागल्या. वस्तुतः ते अंदमानी लोकांचे होते. त्यांच्या शिकारीच्या वाटा, त्यांच्या मधाची झाडे, त्यांचे शिंपल्यांचे किनारे तेथे होते. त्यांनी धनुष्यबाणांनी प्रतिकार केला. मे १८५९ मध्ये अॅबरडीन येथे त्यांनी मोठ्या संख्येने चाल केली. परंतु या हल्ल्याची वार्ता इंग्रजांस अगोदरच पोहोचली होती. ती पोहोचवणारा दूधनाथ तिवारी हा उठावातील शिपाई होता. शिक्षा भोगत असताना तो पळाला, अंदमानी लोकांच्या हाती लागला आणि वर्षभर त्यांच्यात राहिला. त्यांनी त्यास जगवले, आपल्यात घेतले, लग्नही लावून दिले. आणि हल्ल्याची वेळ आली तेव्हा तो परत फिरून गोऱ्यांना सावध करून आला. त्याला माफी मिळाली. अंदमानी लोक बंदुकांपुढे टिकले नाहीत. पुढे गोवर आणि इतर रोगांनी उरलेले काम केले. काही हजारांच्या त्या समाजातील 'ग्रेट अंदमानी' म्हणून ओळखले जाणारे लोक आज पन्नासच्या आसपास आहेत. २०१० च्या जानेवारीत बोआ नावाची वृद्धा वारली, तेव्हा तिची 'बो' ही भाषा बोलणारे जगात कोणी उरले नाही.

या कथेत आम्हांस अस्वस्थ करणारी गोष्ट इंग्रजांची क्रूरता नव्हे. तिची आपणांस सवय आहे. अस्वस्थ करते ते हे की, ज्याच्या पायात बेडी होती त्याच्याच हातात कुऱ्हाड होती. साम्राज्याने ज्याचे घर मोडले, त्याच्याच हातून दुसऱ्याचे घर मोडवून घेतले. त्या बिचाऱ्या कैद्यास दोष देणे अन्यायाचे होईल. कुऱ्हाड टाकली असती तर पाठीवर फटके बसले असते. पण तो केवळ बळी होता असे म्हणून आपणांस पुढे जाता येत नाही. एकच मनुष्य एका बाजूने लुबाडला गेलेला आणि दुसऱ्या बाजूने लुबाडणारा असू शकतो. कारागृहात डोळे पाणावून बाहेर पडणारा पर्यटक सहसा पहिली बाजू पाहतो, कारण ती आपली असते.

यानंतर आम्ही हॅवलॉक बेटावर गेलो. २०१८ च्या डिसेंबरात त्याचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. हॅवलॉक व नील हे दोघेही १८५७ चा उठाव चिरडणारे सेनानी. नीलच्या सैन्याने अलाहाबाद-कानपूरकडे केलेले अत्याचार ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ते नाव पुसले गेल्याचे वाईट वाटणार नाही. आम्हांसही वाटले नाही. तथापि, जुने नाव इंग्रजांचे आणि नवे आपले. ज्यांची ती बेटे मुळात होती त्यांच्या बोलीतील नाव फलकावर कोठे दिसले नाही, हीही नोंद मनाने केली. तेथील वस्ती बहुतांशी फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. तेही कोठून तरी उखडले गेलेलेच.

बुडीची तयारी चालू असताना आम्ही होडीत बसून होतो. आरोग्याच्या तक्त्यात रक्तदाबापुढे खूण करावी लागल्याने आमचा प्रश्न आपोआप सुटला होता. शिकवणारा तरुण मुलास जे सांगत होता ते आम्ही कान देऊन ऐकले. श्वास कधी रोखून धरायचा नाही. दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो, म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून कान मोकळे करीत राहायचे; दुखले तर हट्ट न करता थोडे वर यायचे. अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कशासही हात लावायचा नाही, तळावर पाय टेकायचा नाही, तेथील शिंपलाही उचलायचा नाही. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते जिवंत असते. एका लाथेने मोडलेली फांदी पुन्हा वाढण्यास वर्षे लागतात. समुद्र तापल्याने २०१० साली येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, तेव्हा उरलेल्याची काळजी अधिक घ्यायची.

मुलगा अर्ध्या तासाने वर आला. आम्ही विचारले, "काय पाहिलेस?" तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, खाली लाल रंग दिसत नाही. पाणी तो आधी गिळून टाकतं. तिथं दिसतं ते सगळंच खरं नसतं, आणि आपण नुसते पाहुणे आहोत हे क्षणभरही विसरता येत नाही."

ज्या बुडीस आम्ही चैन म्हणून हिणवले होते, तिच्यात शिस्त होती. आधी शिकणे, आपली मर्यादा लिहून देणे, हात आवरणे, दुखले की मागे फिरणे आणि दिसते त्यावर पूर्ण विश्वास न ठेवणे. आणि ज्या कारागृहदर्शनास आम्ही तीर्थयात्रा समजत होतो, तेथे तिकीट काढण्यापलीकडे कोणी आमच्याकडून काही मागितले नव्हते. आम्हीही स्वतःकडून काही मागितले नव्हते. गळा दाटून आला, एवढ्यावर आपण सुटलो असे आम्हांस वाटले होते. पण अश्रू ही फेड नव्हे. पुष्कळदा ती पावती न घेता सुटण्याची युक्ती असते.

कोणी म्हणेल, एवढा विचार करीत बसले तर माणसाने घराबाहेरच पडू नये. आमचे म्हणणे तसे नाही. पर्यटनावर तेथील हजारो कुटुंबे जगतात. निळे पाणी पाहून मुलांना आनंद झाला तर त्यात पाप नाही. पण काही ठिकाणे न पाहणे हाच त्यांचा मान असतो, हेही अंदमानच शिकवते. उत्तर सेंटिनेल बेटावरील लोकांना बाहेरचा माणूस नको आहे, हे त्यांनी बाणांच्या भाषेत वारंवार सांगितले आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर विचारपूस करण्यास गेलेल्या हेलिकॉप्टरवरही त्यांनी धनुष्य रोखले. नारळ देऊन मैत्री करण्याचे सरकारी प्रयत्न १९९० नंतरच्या दशकात थांबवले गेले आणि त्या बेटाभोवतीचे पाणी बाहेरच्यांना बंद आहे. तरीही २०१८ साली एक अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी गेला व प्राणास मुकला. २०२५ साली दुसरा एक अमेरिकन किनाऱ्यावर नारळ आणि शीतपेयाचा डबा ठेवून परतला व अटकेत पडला. एकास त्यांचा आत्मा हवा होता, दुसऱ्यास बहुधा त्यांचे चित्र. त्यांना काय हवे आहे, हे दोघांनीही विचारले नाही. जारवांच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना नाचवल्याची चित्रफीत २०१२ साली जगभर गाजली. तेथे नाचवणारे आणि पाहणारे कोणी परदेशी साहेब होते असे समजण्याचे कारण नाही. ते पर्यटक तुमच्या-आमच्यासारखेच होते.

येथवर हा प्रश्न समुद्रापलीकडचा होता. घरी परतलो आणि तो दारात येऊन बसला.

आपल्या नेरडीगोंड्याजवळ कडेम नदीवर कुंतला धबधबा आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून वळून पावसाळ्यात मोटारींच्या रांगा लागतात. ज्या गोंडांच्या व कोलामांच्या वस्त्यांतून ही वाट जाते, त्या वस्त्यांकडे किती मोटारींच्या काचा खाली होतात? येथून निर्मळ फार दूर नाही. तेथे रामजी गोंड इंग्रज व निजाम यांच्या फौजांशी लढला आणि १८६० साली फाशी गेला. त्याच्यासह हजार जणांना एका वडाला टांगले अशी लोकस्मृती आहे. म्हणून त्या झाडास तेलुगूत हजार फासांचा वड म्हणतात. अंदमानातील कुऱ्हाडी आणि निर्मळचा वड एकाच काळातील. आम्ही पहिल्यासाठी समुद्र ओलांडला. दुसऱ्याजवळून नोकरीत शेकडो वेळा जीपने गेलो आणि एकदाही उतरलो नाही.

यापुढचे लिहिणे अवघड आहे, पण त्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. या भागातील आपली जुनी घराणी अभिमानाने सांगतात की, आमच्या आजोबा-पणजोबांनी रान तोडून शेती केली. पूर्वी येथे कोणी नव्हते. आमच्याही घरात हे वाक्य नांदत होते. निजामाच्या राजवटीत रस्ते झाले, सरकारला महसूल हवा होता, बाहेरून येणाऱ्या कष्टाळू शेतकऱ्यांना जमिनी मिळत गेल्या. आपले लोक दुष्काळाने, सावकाराने गांजून आले होते, हेही खरे. पण १९४० साली जोडेघाटात कुमरम भीम मारला गेला आणि निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडून गोंडांची परिस्थिती समजून घेतली, तेव्हा त्यांच्या जमिनी नव्याने आलेल्यांच्या नावे कशा होत गेल्या हे कागदावर आले. पुढे १९५९ चा नियम आला आणि १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास पूर्ण बंदी झाली. त्या नियमाखालील प्रकरणे आम्ही स्वतः हाताळली आहेत.

आपल्या भागात जमिनीच्या नोंदीस 'पहाणी' म्हणतात. पाहणे या क्रियेपासूनच तो शब्द आला. जमीन प्रत्यक्ष पाहावी, कोणाची आहे व कोण कसतो हे लिहावे. नोकरीच्या मध्यास, दुसऱ्याच कामासाठी जुनी दफ्तरे चाळत असता, आमच्याच मळ्याची एक जुनी नोंद समोर आली. आजोबांच्या नावाच्या आधी तेथे एका गोंडाचे नाव होते. ते येथे लिहीत नाही. नावामागे 'मयत' असेही नव्हते. पुढच्या नोंदीत ते नव्हते, आजोबा होते. मधे काय घडले, धान्याचे कर्ज, खरेदी की आणखी काही, हे सांगणारा कागद मिळाला नाही. तेव्हाच्या कायद्याने त्यात गैर काही नव्हते, असे आम्ही स्वतःस सांगितले, बस्ता बांधला आणि बावीस वर्षे कोणाजवळ बोललो नाही. इतरांची पहाणी करीत राहिलो. आपली मिटून ठेवली.

चुलत भावाजवळ हे बोललो तेव्हा तो म्हणाला, "दादा, आजोबांच्या गोष्टीचा दोष आपल्याला का? आपण त्या वेळी जन्मलोही नव्हतो." त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अपराध वारशाने येत नाही. तो करणाऱ्याबरोबर जातो. पण ऋण येते. वारसाने मळा स्वीकारला म्हणजे त्यावरचा बोजाही स्वीकारला, हा महसुलाचा साधा नियम आहे, आणि पितृऋण मानणारी आपली परंपरा तेच निराळ्या शब्दांत सांगते. मळ्यातील कापूस आमचा आणि मळ्यातील मौन कोणाचेच नाही, असे म्हणता येत नाही.

मग आम्ही काय केले? वाचकांची निराशा होईल, पण खरे सांगतो. मळा सोडला नाही. तो तीन घरांचा आहे, आणि एकट्याने मोठेपणा मिरवावा असा आमचा अधिकार व धीर दोन्ही नाही. परंतु त्या दिवाळीस सर्व भावंडे व नातवंडे जमली असता ती नोंद आम्ही मोठ्याने वाचून दाखवली, ते नाव उच्चारले आणि सांगितले की, 'येथे कोणी नव्हते' हे वाक्य यापुढे या घरात कोणी बोलायचे नाही. एक नातू म्हणाला, "मग त्यांची मुलं आता कुठं आहेत?" त्याचे उत्तर शोधण्यास आम्ही निघालो आहोत. दोन वस्त्यांत विचारून झाले आहे. वृद्ध माणसे प्रथम आमच्याकडे संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. ती माणसे सापडली तर त्यांच्यासमोर बसून त्यांचे म्हणणे ऐकावयाचे आहे. त्यानंतर काय द्यावे लागेल हे आधीच ठरवून जाणे म्हणजे पुन्हा नारळ ठेवून पळण्यासारखे होईल.

अंदमानाहून लोक शिंपल्यांच्या माळा आणतात. आम्ही तेथे एक वाक्य सोडून आलो, एवढेच म्हणता येईल. आजीच्या सीताफळापुढे ते फार थोडे आहे. तिने तर आवडीची वस्तू सोडली होती. पण ते वाक्यही आमच्या आवडीचे होते, आणि या कार्तिकात सीताफळे पिकली तेव्हा मळ्याच्या बांधावर उभे राहून ते आपसूक ओठांवर आले होते. आम्ही ते गिळले, आणि वस्तीची वाट धरली.